झोप एवढी गोड का लागते, आणि नाईट करून आल्यावरची झोप तशी का लागत नाही?

तिसरीपाळी
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतो. मी चाकण साईडला एका कंपनीत मशीन शॉपला आहे, तीन शिफ्ट, दर आठवड्याला बदलते. नाईट असली की सकाळी आठ-सव्वाआठला घरी येतो, आंघोळ, चहा, पोहे खाऊन नऊला आडवा होतो ते दोन-अडीचपर्यंत. तास मोजले तर पाच-साडेपाच भरतात पण उठल्यावर अंग आंबलेलं, तोंड कडू, डोक्यावर कोणी ओलं पोतं ठेवलंय असं वाटतं. संध्याकाळपर्यंत कोणाशी नीट बोलावंसं वाटत नाही, मुलगी खेळायला बोलावते तर तिच्यावर पण चिडतो आणि मग वाईट वाटतं.

याउलट परवा गावी गेलो होतो. दुपारी बाजरीची भाकरी न् वांग्याचं भरीत खाऊन ओसरीवर नुसत्या सतरंजीवर लवंडलो, आईने जुनी गोधडी अंगावर टाकली, तिला घडीचा वास येत होता, बाहेर कुठेतरी गिरणी चालू होती तिचा आवाज लांब लांब जात गेला आणि मग काही आठवत नाही. पाऊण तासाने आपोआप जाग आली तेव्हा जे वाटलं ते सांगता येत नाही, आतून कोणीतरी नवीन करून दिल्यासारखं. पाऊण तास फक्त!

तर मला दोन गोष्टी समजून घ्यायच्यात. एक म्हणजे झोपेत असं नक्की काय होतं की इतकं छान वाटतं. आणि दुसरं, झोपेत तर आपल्याला काही कळतच नसतं, मग ते सुख होतं कोणाला? बायकोला विचारलं तर म्हणाली झोपा आता. खरंच जाणून घ्यायचंय, जाणकारांनी जरा सविस्तर लिहा.

जीवशास्त्र_अकरावी
तुमचा दुसरा प्रश्न फार सुंदर आहे पण त्यावर शेवटी येतो. मी ज्युनियर कॉलेजला बायोलॉजी शिकवतो आणि हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे लांबेल थोडं.

आपण जागे असतो तेव्हा मेंदूच्या पेशी सतत एटीपी (पेशींचं इंधन समजा) खर्च करत असतात आणि त्या खर्चातून ॲडिनोसिन नावाचा पदार्थ मेंदूत साठत जातो. जितका वेळ जागे तितकं ते जास्त, आणि ते मेंदूला जागं ठेवणाऱ्या पेशींना हळूहळू गप्प करत जातं. संध्याकाळनंतर डोळे चुरचुरतात, वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागते, त्यात याचा मोठा वाटा. झोपलं की ते उतरतं. तुम्ही चहा पिता ना नाईटला, त्यातलं कॅफिन ॲडिनोसिनला कमी बिमी करत नाही, ते फक्त त्याची जागा अडवतं. एस्टीच्या सीटवर खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात तसं. ॲडिनोसिन उभंच असतं गर्दी करून, रुमाल निघाला की सगळे एकदम बसतात, म्हणून चहाचा असर गेला की झोप अशी अंगावर येते. आणि घेतलेल्यातलं निम्मं कॅफिन उतरायला साधारण पाच तास लागतात, पहाटे चारचा चहा सकाळी नऊला अर्धा तुमच्या अंगात असतो हे लक्षात ठेवा.

ही झाली झोपेची भूक. दुसरं असतं घड्याळ. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या बरोबर वर साधारण २० हजार पेशींचा एक ठिपका आहे, तो सगळ्या शरीराला दिवस-रात्र सांगतो. अशी घड्याळं पेशीच्या आत कशी चालतात हे शोधणाऱ्या तिघांना २०१७ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं, हॉल, रॉसबॅश आणि यंग. भूक आणि घड्याळ हे वेगवेगळे चालतात ही मांडणी १९८२ मध्ये अलेक्झांडर बोर्बेली यांनी केली आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यात आहे. तुम्ही सकाळी नऊला झोपता तेव्हा भूक भरपूर असते, म्हणून पडल्या पडल्या झोप लागते. पण घड्याळ म्हणतं सकाळ झाली, अंगाचं तापमान चढायला लागतं, कॉर्टिसॉल (अंगाला जागं करणारं हार्मोन) वर असतं, कंपनीतून येताना डोळ्यात ऊन गेलेलं असतं. भुकेचा पहिला जोर ओसरला की घड्याळ तुम्हाला ढोसून उठवतं. जेवणाच्या मधूनच ताटावरून उठवल्यासारखं.

आता छान का वाटतं. झोप लागण्याच्या आधी शरीर आतली उष्णता बाहेर सोडायला लागतं, आणि ती सोडतं तळहात तळपायांतून. तिथल्या रक्तवाहिन्या रुंद होतात, हातपाय ऊबदार होतात, आतलं तापमान खाली यायला लागतं, रात्रभरात साधारण १ अंश सेल्सिअस उतरतं. लहान बाळ पेंगायला लागलं की त्याचे तळवे आणि कानाच्या पाळ्या हाताला गरम लागतात, बघा कधी. स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवलं की झोप किती पटकन लागेल हे सांगायला पायांची ऊब ही सगळ्यात चांगली खूण आहे. आपल्याकडे काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळतात, त्यात काशाचा वाटा किती ते बाजूला ठेवा, पण पाय गरम होतात हे तर खरंच. तुमच्या आईने टाकलेल्या गोधडीने तेच केलं.

त्याच वेळी नाडी मंदावते, रक्तदाब उतरायला लागतो (निरोगी माणसाचा रात्री १० ते २० टक्क्यांनी उतरतो), मान, जबडा, खांदे, आपण दिवसभर आवळून धरलेले असतात ते सुटतात. गिरणीचा आवाज लांब गेला म्हणालात ना, तो आवाज कमी नव्हता झाला. मेंदूच्या मध्यावर थॅलॅमस म्हणून भाग आहे, डोळे कान त्वचा यांच्याकडून येणारं बहुतेक सगळं तिथून पुढे जातं, तो दार लोटून घ्यायला लागतो. बाहेरचं जग असं एकेक करून निघून जातं आणि आपण अजून पूर्ण गेलेलो नसतो. हा जो पाच-दहा मिनिटांचा काठ आहे ना, गोडी बहुतेक तिथे आहे. तहान लागल्यावर पहिला घोट गोड लागतो तशी. ज्या गोष्टीवाचून जगता येत नाही ती करताना बरं वाटावं अशीच प्राण्यांची घडण आहे.

म्हणूनच सकाळी गजर बंद करून पुन्हा डोळे मिटले की ती पाच मिनिटं इतकी गोड लागतात. रात्री दमून पडलो तेव्हा काठ केव्हा ओलांडला ते कळलं पण नव्हतं, सकाळी तो पुन्हा एकदा जाणवतो.

बाकी दुरुस्तीचं काय ते नंतर लिहितो, तास आहे आता.

वॉर्डातली_ताई
दादा मी १४ वर्षं नाईट करतेय, वरच्या सरांनी जे सांगितलं ते बरोबर आहे, मी फक्त काय करायचं ते सांगते. पहाटे तीन ते पाच सगळ्यात वाईट कारण अंगाचं तापमान तेव्हाच तळाला असतं, त्या वेळेत औषध भरताना मी दोनदा वाचते, तुम्ही पण मशीनवर तेव्हा जास्त सांभाळा. शेवटचा चहा रात्री दोनच्या आत. ड्युटीला निघायच्या आधी संध्याकाळी २०-२५ मिनिटं झोप काढायचीच, ती पहाटे कामाला येते.

घरी आल्यावर खोली काळोखी पाहिजे, पडदा लावलाय म्हणजे काळोख नाही. मी खिडकीला जाडी गोधडी लावते खिळ्यांवर, हात समोर धरला तरी दिसू नये इतका काळोख. फोन सायलेंट नाही, दुसऱ्या खोलीत. कुरियरवाला, गॅसवाला, शेजारच्या काकू सगळ्यांना सांगून ठेवलंय की दोन वाजेपर्यंत बेल मारू नका, सुरुवातीला लोकांना विचित्र वाटलं, आता माझी शेजारीणच दारात उभी राहून लोकांना परत पाठवते. आणि पोहे खाताय ते ठीक आहे पण पोटभर जेवून झोपू नका.

एक विचारते, तुमची शिफ्ट कशी फिरते? फर्स्ट, सेकंड, नाईट अशी फिरली तर शरीराला सोपं जातं. उलटी फिरली तर फार त्रास. आपलं आतलं घड्याळ २४ तासांपेक्षा जरा लांबच चालतं त्यामुळे उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं जमत नाही. आमच्याकडे उलटी होती, आम्ही सगळ्या जणींनी मिळून मेट्रनना सांगितलं आणि त्यांनी बदलून दिली. आणि गाडी! नाईट सुटल्यावर टू-व्हीलरवर डुलकी आली तर थांबा कुठेतरी, बाजूला लावा, दहा मिनिटं डोळे मिटा. आमच्यातली एक पोरगी तशीच गेली. म्हणून हात जोडून सांगते.

रानातला
आमच्याकडे शेतीची लाईट एक आठवडा दिवसा एक आठवडा रात्री असते. रात्रीची असली की दारं धरायला जावं लागतं, डिसेंबरात गव्हाला पाणी म्हणजे पाय गुडघ्यापर्यंत गार चिखलात, एका हातात खोरं न् एका हातात बॅटरी, एक वाफा भरला की दुसऱ्याचं तोंड फोडायचं. साप विंचवाचं भ्या वेगळंच. पहाटे लाईट गेली की मोटर बंद होते आणि एकदम असं शांत होतं की कान दुखल्यागत वाटतं. तेव्हा बांधावर कडब्याच्या गंजीला टेकलं की झोप लागते पण पाय गार असले की लागत नाही हे मी स्वतः बघितलंय, कितीही दमलो तरी. मग मी पाय गोणपाटात घालून बसतो, वर पेंढ्या टाकतो, पायाला ऊब आली की पुढचं कळत नाही. सरांनी पायाचं लिहिलं ते वाचून अंगावर काटा आला, एवढी वर्षं मी हेच करतोय.

पण ती झोप गोड असली तरी पुरत नाही हे पण खरं. दिवसा गुरं, दूध, पोरांची शाळा, कोण झोपू देतंय. रात्रीच्या लाईटच्या आठवड्यात माझं डोकं चालत नाही, हिशेब चुकतो, खताच्या गोण्या दोनदा मोजाव्या लागतात. दिवसाची लाईट द्या म्हणून आम्ही किती वर्षं ओरडतोय ते काय उगाच नाही, माणसाच्या झोपेचा प्रश्न आहे हा.

पाठभेद
"ते सुख होतं कोणाला" या प्रश्नावर लिहितो कारण नेमका हाच प्रश्न आपल्याकडे हजार-दीड हजार वर्षं वादात आहे आणि तुम्ही तो ओसरीवर झोपून उठल्यावर विचारलात याचा मला फार आनंद झाला. पतंजलीच्या योगसूत्रांत निद्रा ही चित्ताची एक वृत्तीच मानली आहे. त्यावरच्या व्यासभाष्यात कारण दिलंय, की उठल्यावर माणूस म्हणतो "सुखमहमस्वाप्सम्", मी सुखाने झोपलो, मन प्रसन्न आहे. आठवतंय म्हणजे काहीतरी अनुभवलं असणारच, असा युक्तिवाद. आणि गंमत म्हणजे (मला तरी हा भाग सगळ्यात आवडतो) तिथेच पुढे वाईट झोपेचं वर्णन आहे, मी दुःखाने झोपलो, मन भटकतंय, आणि तिसरी म्हणजे मी गाढ मूढ होऊन झोपलो, अंग जड आहे, चित्त थकलंय. तुमचं ते ओलं पोतं ही तिसरी.

वेदान्ती म्हणतात की "काही कळलं नाही" हे तरी कोणाला कळलं, म्हणजे आत साक्षी जागा होता. नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांना, हे मान्य नाही. ते म्हणतात ही आठवण नव्हेच, हा अनुमान आहे, उठल्यावर अंग हलकं लागलं त्यावरून आपण ठरवतो की झोप सुखाची झाली. दोन्ही बाजू वाचल्यावर मी बरीच वर्षं साक्षीच्या बाजूचा होतो, पण वरच्या सरांचा काठाचा मुद्दा वाचून नैयायिकांचं पारडं मला जड वाटायला लागलंय. जाताना एक काठ आणि येताना एक, मधलं आपण जोडून घेतो.

चरकाने तर आहार आणि ब्रह्मचर्याच्या जोडीला झोपेला शरीराचा आधारखांब म्हटलंय. सुख-दुःख, पुष्टी-कृशता, बळ-दुर्बळता हे सगळं झोपेच्या हातात आहे असं सरळ लिहिलंय.

सायली_उठली
मी वाचलंय की झोपेत मेंदू धुतला जातो आणि सगळं विष बाहेर पडतं, ७ तास न झोपल्यास अल्झायमर होतोच असा फॉरवर्ड पण आलाय घरच्या ग्रुपवर. खरं आहे का हे? माझी झोप तुटक आहे (बाळ ५ महिन्यांचं) त्यामुळे ते वाचून रडूच आलं.

जीवशास्त्र_अकरावी
सायली, तो फॉरवर्ड आधी डिलीट करा. "होतोच" असं कुठलाही अभ्यास सांगत नाही. मूळ गोष्ट अशी की २०१३ मध्ये अमेरिकेत रोचेस्टरला मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाने उंदरांवर काम केलं, त्यात झोपेत मेंदूतल्या पेशींमधली जागा जवळपास ६० टक्क्यांनी वाढलेली दिसली आणि त्यातून द्रव वाहून बीटा-अमायलॉइड (अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारं प्रथिन) लवकर निघून जाताना दिसलं. काम मोठंच होतं. पण २०२४ मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या गटाला उंदरांमध्येच उलट दिसलं, झोपेत निचरा कमी. म्हणजे वाद चालू आहे. पाच महिन्यांच्या बाळाच्या आईने यावरून जीवाला घोर लावून घेऊ नये. घरातल्या कोणाला तरी रात्रीची एक पाळी घ्यायला सांगा, सलग चार तास मिळाले तरी फरक पडतो, कारण गाढ झोपेचा मोठा भाग पहिल्या तीन-चार तासांतच येतो.

आता राहिलेलं. झोप साधारण ९० मिनिटांच्या फेऱ्यांत चालते. पहिल्या फेऱ्यांत गाढ झोप जास्त, त्यात मेंदूच्या पेशी एकत्र, संथ लाटेसारख्या चालू-बंद होतात. ग्रोथ हार्मोनचा मोठा लोंढा याच वेळी सुटतो, पोरं झोपेत वाढतात असं आजी म्हणायची ते खोटं नाही, आणि मोठ्यांमध्ये स्नायू आणि कातडीची डागडुजी त्यावर चालते. पहाटेकडे स्वप्नांची झोप वाढते. डोळे बंद पापण्यांखाली भराभर हलतात ती ही झोप, शिकागोला ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये नोंदवलेली. त्यात अंगाचे स्नायू सैल पडलेले असतात आणि नॉरॲड्रेनालिन (मेंदूला सावध ठेवणारं रसायन) जवळजवळ बंद, दिवसभरातली ही एकच वेळ अशी.

आठवणींचं पण बघा. १९९४ मध्ये विल्सन आणि मॅकनॉटन यांना दिसलं की उंदीर दिवसा ज्या वाटेने फिरला त्या वाटेच्या पेशी तो झोपल्यावर पुन्हा एकत्र जाग्या होतात. दिवसभराचा पाठ रात्री गिरवला जातो. मी पोरांना परीक्षेच्या आदल्या रात्री झोपा म्हणून घसा कोरडा करतो तो यासाठी.

तिसरीपाळी, तुम्हाला एक गोष्ट मुद्दाम सांगतो. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काही निरोगी लोकांना १४ दिवस रोज ६ तास किंवा ४ तासच झोपू दिलं. रोज त्यांच्या चुका वाढत गेल्या, शेवटी सलग एक-दोन रात्री जागलेल्यांइतक्या झाल्या. पण त्यांना विचारलं तर ते म्हणत, थोडी झोप येतेय, बाकी ठीक. थकलेल्या मेंदूला आपण किती थकलोय हे मोजता येत नाही. तुम्ही मुलीवर चिडता तो स्वभाव नाही तुमचा, ती शिल्लक राहिलेली झोप आहे.

आणि ओसरीवरचा पाऊण तास? दुपारी एक ते तीनमध्ये घड्याळातच एक उतार असतो, वर आठवड्याची शिल्लक, वर ऊब, वर आपोआप आलेली जाग. घरी बहुतेक गाढ झोपेतून बेलने किंवा आवाजाने उठता, ती जडता अर्धा-अर्धा तास जात नाही.

बाबांचा_मुलगा
एक राहिलंय म्हणून लिहितो. माझे बाबा नऊ-नऊ तास झोपायचे आणि तरी जेवताना घास हातात धरून डुलकी घ्यायचे. आम्ही वर्षानुवर्षं म्हणायचो बाबा किती गाढ झोपतात, किती घोरतात. एका रात्री मी शेजारी झोपलो होतो तर घोरणं मध्येच थांबलं, मी मोजत राहिलो, एकवीस, बावीस, तेवीस, आणि मग पाण्यातून वर आल्यासारखा मोठा श्वास. पुन्हा तेच. टेस्ट केली तेव्हा तासाला ४० पेक्षा जास्त वेळा श्वास अडकत होता. त्यांना कधीच जाग आल्याचं कळलं नाही पण मेंदू दरवेळी जागा होत होता, नऊ तासांत गाढ झोप अशी नव्हतीच. आता सीपॅप मशीन (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं) लावून झोपतात. मास्कची सवय व्हायला पंधरा दिवस लागले, मग एका सकाळी साडेसहाला उठून बसले आणि आईला म्हणाले, "अगं उजाडलं पण?" कोणीतरी मध्ये वेळच कापून टाकल्यासारखा चेहरा होता त्यांचा. दादा, तुम्ही घोरता का हे वहिनींना विचारा. घोरणं आणि दिवसा पेंग असं दोन्ही असेल तर डॉक्टरांकडे जाच.

तिसरीपाळी
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. बायकोला विचारलं, घोरत नाही म्हणाली, श्वास पण अडकत नाही. ताई, आमची शिफ्ट उलटीच फिरते, नाईट, सेकंड, फर्स्ट. सुपरवायझरशी बोललो, त्याने ऐकून घेतलं, पुढच्या महिन्याच्या चार्टला बघू म्हणाला, आम्ही सहा जण मिळून लेखी देतोय.

परवापासून खिडकीला गोधडी लावली, तीच आईची, गावाहून घेऊन आलो. चहा दीड वाजता बंद केला, पहिल्या रात्री चार वाजता जीव जायची वेळ आली, दुसऱ्या रात्री जरा सोपं गेलं. घरी येताना चौकाच्या पुढे डोळे जड झाले तर टपरीपाशी गाडी लावून बाकड्यावर दहा मिनिटं बसलो. काल तीन वाजून दहा मिनिटांनी उठलो, आपोआप. ओसरीसारखं नाही वाटलं, पण पोतं नव्हतं डोक्यावर.

संध्याकाळी निघायच्या आधी मुलीला मांडीवर घेऊन बसलो होतो, दमून आली होती खेळून, पेंगायला लागली. तिचा पाय हातात धरून ठेवला. खरंच गरम होत जातो हो, आधी टाचा आणि मग हळूहळू बोटं.

वॉर्डातली_ताई
लेखी देताना सहाच्या सहा जणांच्या सह्या घ्या दादा, आणि एक कॉपी स्वतःकडे ठेवा.